नागपूरचें नभोवाणी-केंद्र आणि कुही येथील एक श्रवणवही

गेल्या ज्येष्ठांत आमच्या कुही येथील जुन्या घराचीं कवलें उतरविण्याचा प्रसंग आला, तेव्हां माळ्यावरच्या दोन लांकडी पेट्या खालीं आणाव्या लागल्या. पैकीं एकींत वडिलोपार्जित पोथ्या आहेत हें पूर्वींपासून ठाऊक होतें. खंडित अमरकोश, कांहीं जुनीं पंचांगें, दोन-तीन माहात्म्यें व मोडी वळणाचे कित्ते असा तो सामान्य ऐवज असून त्यांत प्रसिद्ध करण्याजोगें कांहीं नाहीं. दुसरी पेटी उघडली तों तींत दोन कागदी साधनें निघालीं. एक, टपालकचेरीच्या शिक्क्यांनीं भरलेलें रेडिओच्या परवान्याचें पुस्तक. दुसरें, माझ्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंनीं राखलेली जाड पुठ्ठ्याची एक वही. हीं दोन साधनें आणि त्यांच्या अनुषंगानें नागपूरच्या नभोवाणी-केंद्राचा वृत्तान्त त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रारंभींच एका आक्षेपाचा परामर्श घेणें इष्ट. आमचा कुही तालुका प्राचीन अवशेषांनीं संपन्न आहे. अडम येथील उत्खननांत तटबंदीचें प्राचीन नगर उघडकीस आलें व अस्सक जनपदाचें नांव असलेली मातीची मुद्रा हातीं लागली. मांढळास वाकाटकांचे ताम्रपट मिळाले. आंभोऱ्यास वैनगंगेच्या संगमावर मुकुंदराजांनीं शके १११० त विवेकसिंधु रचिला असें एक पक्ष मानतो, व अंबेजोगाईचा पक्ष तें नाकारतो. अशा तालुक्यांत राहून रेडिओच्या परवान्यावर लेख लिहावा, याचें कित्येकांस हंसूं येईल. मलाही प्रथम आलें. परंतु विचार करितां असें दिसलें कीं, दोन हजार वर्षांपूर्वींचें जनपद आपण एका मातीच्या गोळ्यावरून सिद्ध करितों, आणि पन्नास वर्षांपूर्वीं याच गांवच्या ओसरीवर रात्रीं काय ऐकिलें जात होतें, तें सिद्ध करण्याजोगा कागद मात्र आपल्याच हातानें रद्दींत घालतों. ध्वनि क्षणांत विरणारा. त्याचा माग कागदावर राहिला तरच राहिला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं.

हिंदुस्थानांत नभोवाणीचा आरंभ हौशी मंडळ्यांनीं केला. मुंबईच्या रेडिओ क्लबानें १९२३ च्या जूनांत प्रक्षेपण केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास व पुढील वर्षीं मद्रासेस असेच उद्योग झाले. नंतर इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली व तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांनीं केलें. कलकत्ता केंद्र २६ ऑगस्ट रोजीं उघडलें. दोन्ही ठिकाणचे ध्वनिक्षेपक दीड-दीड किलोवॅटचे होते. परवान्याची फी वर्षास दहा रुपये ठेविली होती. परंतु परवाने घेणारे थोडे आणि यंत्र चोरून वापरणारे बहुत, त्यामुळें कंपनीचा खर्च भागेना व १ मार्च १९३० रोजीं तिचें दिवाळें निघालें. एप्रिलापासून तो कारभार सरकारनें आपल्याकडे घेतला. ८ जून १९३६ रोजीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव पडलें. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें विनापरवाना यंत्र बाळगणें हा गुन्हा ठरला होता. आमच्या घरांतील परवान्याची वंशावळ ती ही.

या सर्व घडामोडींत नागपुरास स्थान नव्हतें. मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असूनही हें शहर पहिल्या वीस वर्षांत नुसतें ऐकणारें राहिलें, बोलणारें झालें नाहीं. याचें कारण उघड आहे. कंपनीनें बंदरें निवडलीं. युरोपियन वस्ती व व्यापारी पेढ्या तेथेंच होत्या. मध्यमतरंगाचा दीड किलोवॅटचा आवाज दिवसा फार दूर पोंचत नाहीं, आणि मुंबई-नागपूर हें अंतर सरळ रेषेनेंही सातशें किलोमीटरांच्या आसपास आहे. १९३८ सालीं मुंबईस लघुतरंगाचा ध्वनिक्षेपक बसला, तेव्हां कोठें नागपूरच्या बंगल्यांतील मोठीं झडपयंत्रें मुंबईचा कार्यक्रम बरा ओढूं लागलीं. ‘इंडियन लिसनर’ या सरकारी पाक्षिकांत (आरंभ १९३५) प्रत्येक केंद्राचे घटकावार कार्यक्रम छापून येत. या पाक्षिकाच्या फायली ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या जपाव्या; कोणत्या दिवशीं किती वाजतां कोण गायलें याचें इतकें निश्चित टांचण पेशवाईच्या कोणत्याही रोजकीर्दींत नाहीं.

स्वातंत्र्याच्या वेळीं हिंदी संघराज्याच्या वांट्यास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व त्रिचनापल्ली अशीं सहा केंद्रें आलीं. नभोवाणीचें खातें तेव्हां सरदार पटेलांकडे होतें. प्रत्येक भाषाप्रदेशास निदान एक लहानसें केंद्र असावें या धोरणानें थोड्या खर्चाचीं ‘पायलट’ केंद्रें काढण्यांत आलीं. पाटणा व कटक १९४८ च्या जानेवारींत, गोहत्ती-शिलाँग १ जुलैस, व त्याच मालिकेंत १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर. ध्वनिक्षेपक एक किलोवॅटचा. पुढें सिव्हिल लाइन्स भागांत केंद्राचा कायमचा संसार थाटला गेला व तेथील चौकास लोक आजही आकाशवाणी चौक म्हणतात.

हें केंद्र जन्मतः द्विभाषी होतें. प्रांत मराठी व हिंदी अशा दोन भाषांचा. त्यामुळें बातम्या, भाषणें व गायन यांची वांटणी दोन भाषांत करावी लागे. हिंदींतील श्रेष्ठ कवि गजानन माधव मुक्तिबोध, ज्यांची मातृभाषा मराठी, त्यांनीं या केंद्राच्या वृत्तविभागांत कांहीं काळ नोकरी केली. एकाच घरांतील दोन बंधूंपैकीं गजाननराव हिंदींत व शरच्चंद्र मराठींत लिहीत, हें त्या काळच्या नागपूरचें यथार्थ चित्र होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत गेले, नागपूरचें राजधानीपण संपलें, आणि केंद्राचा तोल मराठीकडे झुकला. राजधानी गेल्याचें दुःख नागपूरकरांनीं बरेच दिवस केलें. केंद्र मात्र गेलें नाहीं, ही त्यांतल्या त्यांत जमेची बाजू.

‘आकाशवाणी’ या नांवाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या मनुष्याचा तो अधिकार आहे. हें नांव प्रथम म्हैसूर येथें डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या खाजगी केंद्रास (१० सप्टेंबर १९३५) मिळालें, व सरकारी नभोवाणीनें तें १९५० नंतरच्या दशकांत स्वीकारलें. २०२३ च्या मे महिन्यांत तर इंग्रजी नांव बाजूस सारून हेंच एक नांव सर्वत्र वापरावें अशी आज्ञा निघाली. पुराणांतील आकाशवाणी सर्वांस ठाऊक आहे. कंसानें ती रथ हांकीत असतां ऐकिली. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत कण्वांस अग्निशाळेंत कन्येच्या विवाहाचें वर्तमान कळतें तें अशाच अशरीरिणी वाणीच्या द्वारें. परंतु माझ्या मतें नभोवाणीशीं खरें साम्य आहे तें नाट्यशास्त्रांतील ‘आकाशभाषिता’चें. भाण नामक रूपकांत एकटाच विट रंगभूमीवर असतो, अदृश्य माणसांशीं बोलतो, ‘काय म्हणतोस?’ असें विचारून त्यांचें उत्तर स्वतःच सांगतो. फर्माइशीचीं पत्रें वाचून दाखविणारा निवेदक याहून निराळें काय करितो? तसेंच भाषापरिच्छेदकार शब्दाच्या प्रसाराचे दोन प्रकार सांगतात. वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यावरील लाटेप्रमाणें, आणि कदंबगोलकन्याय, म्हणजे कदंबाच्या फुलाप्रमाणें एकदम दशदिशांस. मनोऱ्यावरून सर्व दिशांस सारखा फांकणारा विद्युत्तरंग दुसऱ्या दृष्टान्तांत अगदीं चपखल बसतो. तथापि कोणी उत्साही गृहस्थ यावरून प्राचीनांस नभोवाणी अवगत होती असा सिद्धान्त मांडील, म्हणून येथेंच सांगतों कीं, नैयायिक बोलत आहेत तें कानानें ऐकूं येणाऱ्या शब्दाविषयीं. विद्युत्तरंग कानास ऐकूं येत नाहीं. दृष्टान्त तेवढा घ्यावा.

आतां बंधूंच्या वहीकडे येतों. तीपूर्वीं संगीताच्या राजकारणाची थोडी माहिती अवश्य आहे, नाहींतर वहींतील अर्ध्याहून अधिक नोंदी सिलोनच्या कां, हा उलगडा होणार नाहीं.

आपल्या नभोवाणीचे धोरणकर्ते संगीताच्या बाबतींत नेहमीं सोंवळे राहिले. १९४० च्या मार्चापासून बाजाची पेटीच वर्ज्य करण्यांत आली. ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. १९५२ ते १९६२ या काळांत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे विद्वान् गृहस्थ त्या खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांविषयीं त्यांस तिटकारा. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीं चित्रपटनिर्माते व खातें यांचा तंटा होऊन तीं गीतें नभोवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. अभिजात संगीताचा पुरस्कार ही गोष्ट स्तुत्य, व तिच्यामुळें अनेक गुणी गवयांस आधार मिळाला, हें मान्य केलेंच पाहिजे. पण ऐकणाऱ्याच्या हातीं यंत्राची कळ असते ही गोष्ट मंत्रिमहोदय विसरले. कळ फिरली ती सिलोनकडे. माउंटबॅटन यांच्या सैन्यासाठीं कोलंबोजवळ उभारलेला शंभर किलोवॅटचा लघुतरंग-ध्वनिक्षेपक १९४९ सालीं सिलोन सरकारास मिळाला होता. त्याच्या बळावर रेडिओ सिलोननें जाहिरातींचा व्यवसाय मांडला. ३ डिसेंबर १९५२ रोजीं सुरू झालेली बिनाका गीतमाला व तिचे निवेदक अमीन सायानी यांची कीर्ति सांगावयास नको. या स्पर्धेस उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविधभारती निघाली.

हिंदी गीतांसाठीं सिलोन ऐकणारे गांवोगांव होते. परंतु सिलोनची एक इंग्रजी शाखाही होती, आणि ती ऐकणारे आमच्या गांवांत बहुधा एकच. गोव्यांत पणजीचें पोर्तुगीज केंद्र ‘एमिसोरा द गोवा’ (१९४६) हेंही पाश्चात्य संगीतासाठीं दूरदूर ऐकिलें जाई; १८ डिसेंबर १९६१ रोजीं बांबोळीचें बिनतारी ठाणें विमानांनीं उद्ध्वस्त केलें, व ९ जानेवारी १९६२ पासून तेथें आपलें केंद्र बोलूं लागलें. बंधूंनीं वही धरली ती त्यानंतर, त्यामुळें तींत गोव्याचें जुनें केंद्र नाहीं.

वहीचें वर्णन असें. लांबी साडेबारा इंच, रुंदी आठ इंच. रेघा आंखलेले पाणचट निळे कागद. पानें दोनशें चार, पैकीं लिहिलेलीं एकशें ऐंशीं. पहिली नोंद १९६६ च्या ऑगस्टांतली. रकाने पांच: तारीख, वेळ, केंद्र, गाणें व गाणारे, आणि पांचवा ‘आवाज’. या पांचव्या रकान्यांत आवाजाचा स्पष्टपणा आण्यांत मांडलेला आहे. ‘सोळा आणे’ म्हणजे स्वच्छ. ‘चार आणे’ म्हणजे खरखरींत शब्द बुडालेले. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं होतीं. वहींत मात्र आणे शेवटपर्यंत चालू राहिले. जगांतील हौशी श्रोते यासाठीं पांच आंकड्यांची एक सांकेतिक पद्धति वापरतात, हें मला पुढें कळलें. आण्यांची पद्धति मला अधिक सोयीची वाटते.

इंग्रजी नांवें सर्व देवनागरींत. बंधूंचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि बोललेलें इंग्रजी तर त्यांनीं यंत्राखेरीज कोठें ऐकिलेंच नव्हतें. त्यामुळें आपण पोथ्यांत ज्यास लेखकप्रमाद म्हणतों तो येथें नसून सर्वत्र श्रुतिप्रमाद आहे. ‘रोलिंग स्टोन्स’ हें नांव प्रथम ‘रोलिंग टोन’ असें येतें, मग ‘रोलीन इस्टोन’, व तिसऱ्या वर्षीं शुद्ध होतें. ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या लांबलचक नांवाचीं सात पाठान्तरें मीं टिपलीं असून त्यांपैकीं ‘किडन साफ पाणी’ हें बंधूंनीं विनोदानें केलेलें भाषान्तर दिसतें. क्लिफ रिचर्डपुढें कंसांत ‘लखनौ’ लिहिलें आहे, तें बरोबर आहे. त्या गायकाचा जन्म १९४० सालीं लखनौचाच. जेथें तरंग क्षीण होऊन शब्द बुडाला तेथें बंधूंनीं आडवी रेघ ओढून जागा सोडली आहे, व पुन्हां तेंच गाणें लागल्यावर दुसऱ्या शाईनें ती भरली आहे. त्रुटित पोथीची पूर्ति दुसऱ्या प्रतीवरून करावी तसा हा प्रकार.

नोंदी कितपत विश्वसनीय आहेत, याची परीक्षा बाह्य पुराव्यानें करितां येते. १ नोव्हेंबर १९६७ या तारखेस बंधू लिहितात: ‘नागपूर विविधभारती. आजपासून जाहिराती. सिलोनसारखें.’ विविधभारतीची व्यापारी सेवा मुंबई, पुणें व नागपूर या तीन केंद्रांवरून नेमकी त्याच दिवशीं सुरू झाली. याच एका बाबतींत नागपूर दिल्लीच्या पुढें होतें. १९६८ च्या फेब्रुवारींतील एका पानास बीटल्स मंडळी हृषीकेशास आल्याचें वर्तमानपत्रांतलें कात्रण डकविलेलें आहे. तें नागपूरहून नागभीडच्या लहान गाडीनें आलेलें असावें, कारण आमच्याकडे त्या काळीं बाहेरचा कागद व रेडिओचे सेल त्याच गाडीनें येत. (तीही गाडी २०१९ च्या नोव्हेंबरांत रूळ रुंद करण्यासाठीं बंद पडली.) वहीची सत्यता यावरून मान्य करण्यास हरकत नसावी.

या गाण्यांस लोक ‘रॉक’ म्हणतात. माझे एक शिक्षक-स्नेही त्याचें ‘शिलासंगीत’ असें भाषान्तर करीत. तें चूक आहे. येथील इंग्रजी शब्द दगड या अर्थाचा नसून झुलणें, डोलणें या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. ‘दोलासंगीत’ म्हटलें तर शोभेल. पुढें अमेरिकेंत अशीं कांहीं केंद्रें निघालीं कीं तीं केवळ १९६० व १९७० च्या दशकांतलीं तीं गाणीं वाजवीत. मिशिगन प्रांतांतील लान्सिंग येथील एका केंद्रानें १९८५ सालीं हा प्रकार रूढ केला व त्यास ‘क्लासिक रॉक’ हें नांव पडलें. पंधरा-वीस वर्षांच्या गाण्यास अभिजात ही पदवी! आपण मुकुंदराजाचें गांव कोणतें याचाच निकाल इतक्या वर्षांत लावला नाहीं. असो. आपल्याकडे खाजगी केंद्रांस २००१ पासून मोकळीक मिळाली, व २००२ त मुंबईच्या ‘गो ९२.५’ या केंद्रानें इंग्रजी संगीताचा मार्ग धरिला. बंधूंची वही पाहतां, असें केंद्र त्यांनीं आपल्यापुरतें कुहीच्या ओसरीवर तीस वर्षें आधींच काढलें होतें, असें म्हणावेसें वाटतें. नागपूर, सिलोन, मुंबई यांच्या वेळा जुळवून ते रात्रीचा सलग कार्यक्रम बनवीत, व त्याचें पत्रक आठवड्याच्या आरंभीं वहींत आंखून ठेवीत.

घरांत यावरून नेहमीं वाद होई. वडील पोथीनिष्ठ, त्यांस तें संगीत म्हणजे भांडीं आपटल्याचा आवाज. मीही तेव्हां रघुवंशाच्या नादांत असल्यामुळें वडिलांच्याच पक्षाचा होतों, हें कबूल केलें पाहिजे. १९७५ च्या जूनांत बंधू नोकरीनिमित्त भिलाईस गेले. यंत्र जड झडपांचें, म्हणून तें कुहीसच राहिलें. आमच्या घरची परंपरागत समजूत अशी कीं, त्यानंतर वडिलांनीं यंत्रावर फडकें टाकलें तें पुन्हां काढलें नाहीं, व वहीही तेथेंच संपली. ही समजूत मीं स्वतः अनेकांस सांगितली आहे. प्रस्तुत साधनांवरून ती असत्य ठरते.

पहिला पुरावा परवान्याचा. त्या पुस्तकांत प्रत्येक वर्षाचें तिकीट व कुही टपालकचेरीचा शिक्का असतो. शिक्के १९६४ पासून सुरू होतात. १९७१ चा शिक्का नाहीं. त्या वर्षीं आमचें घर कायद्याच्या दृष्टीनें बहिरें होतें. बंधू गेल्यानंतरचे शिक्के मात्र ओळीनें आहेत: १९७६, ७७, ७८, ७९, ८०. जो मनुष्य यंत्रावर फडकें टाकतो तो त्याची फी पांच वर्षें कां भरील?

दुसरा पुरावा वहीचा. बंधूंची शेवटची नोंद १९७५ च्या मेमधली, पान १७८. पुढें एक पान कोरें असून पान १८० व १८१ वर अकरा नोंदी आहेत, त्यांस तारखा नाहींत. मीं प्रथम त्या बंधूंच्याच समजलों. ते दिवाळीस येत तेव्हां लिहिल्या असतील असें वाटलें. परंतु अक्षर मोडी आहे, आणि बंधूंस मोडी येत नव्हती. परवान्याच्या पुस्तकावर वडिलांची मोडी सही आहे. दोहोंतील अक्षरांचीं वळणें ताडून पाहिलीं, तों शंकेस जागा उरली नाहीं.

काल ठरविण्याचें साधनही नोंदींतच आहे. वडिलांनीं नागपूर केंद्राचा आंकडा ‘५८५’ असा दिला आहे. येथें एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा वह्यांचा काल ठरवितांना ती सर्वांस उपयोगीं पडेल. मध्यमतरंगावरील केंद्रांमधील अंतर आपल्या खंडांत पूर्वीं सामान्यतः दहा किलोहर्ट्झांचें असे. जिनीव्हा येथें १९७५ सालीं झालेल्या करारान्वयें तें नऊ किलोहर्ट्झांचें ठरलें व तो करार २३ नोव्हेंबर १९७८ रोजीं अमलांत आला. म्हणून त्या तारखेनंतरच्या आंकड्यांस नवानें भाग जातो. ६३०, ७२० किंवा ८१० यांसारख्या आंकड्यांस नऊ व दहा या दोहोंनींही भाग जातो, तेथें हें गमक निरुपयोगी. पण ५८५ म्हणजे नवाची पांसष्टपट, व तीस दहानें भाग जात नाहीं. तेव्हां या अकरा नोंदी २३ नोव्हेंबर १९७८ च्या पूर्वींच्या असूं शकत नाहींत. परवान्याचा शेवटचा शिक्का १९८० चा, व वडील निवर्तले १९८१ च्या वैशाखांत. यापेक्षां नेमका काल पुष्कळ ताम्रपटांसही मिळत नाहीं.

अकरांपैकीं सात नोंदी नागपूरच्या, बातम्या व भजनें यांच्या आहेत. चार सिलोनच्या. (देशाचें नांव १९७२ त श्रीलंका झालें होतें, वडिलांनीं मुलाच्याच शब्दाचा अनुवाद केला आहे.) इंग्रजी येत नसल्यामुळें गाण्याच्या रकान्यांत त्यांनीं नांवाऐवजीं वर्णन लिहिलें. एक नोंद संपूर्ण देतों: ‘रात्रीं १० नंतर. सिलोन. ढोल फार. मध्यें सतारीसारखें. चि. असता तर नांव सांगता. आठ आणे.’ सतारीचा सूर इंग्रजी गाण्यांत १९६५ च्या डिसेंबरांत बीटल्स यांच्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यापासून दिसूं लागतो, व पुढल्याच वर्षीं रोलिंग स्टोन्स यांनींही तो घेतला. तेव्हां नोंद त्या पिढीतील एखाद्या गाण्याची आहे एवढें म्हणतां येतें. ‘आठ आणे’ हा शेरा वडिलांनीं आवाजाच्या स्पष्टपणास दिला कीं गाण्यास, यावर मीं बराच विचार केला आहे. रकाना पांचवा आहे, म्हणून पहिला अर्थ धरणें शास्त्रास धरून होईल.

पुढील हकीकत थोडक्यांत. १८ मे १९८८ रोजीं नागपुराहून रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ध्वनिक्षेपक एक हजार किलोवॅटचा, आंकडा १५६६. हीही नवाचीच पट, एकशें चौऱ्याहत्तर. देशाच्या मध्यावर बसून रात्रीं बोललें असतां आवाज चारही दिशांस पोंचतो, कारण दिवसा सूर्यप्रकाशानें वातावरणाच्या वरच्या भागांत जो शोषक थर तयार होतो तो सूर्यास्तानंतर विरतो, व तरंग त्याहून उंच थरावरून परावर्तन पावून दूर उतरतात. एक किलोवॅटच्या पायलट केंद्रानें चाळीस वर्षांत हजारपट बळ धारण केलें. ती वाहिनी २०१९ च्या जानेवारींत बंद करण्यांत आली. तिच्या निवेदकांचा आवाज कुहीस सोळा आणे येई.

केंद्रांवरील ध्वनिफितींचा भरंवसा धरण्यांत अर्थ नाहीं. फीत महाग, म्हणून पुसून पुन्हां वापरावयाची, हा सर्व केंद्रांचा जुना प्रघात. १९५४ पासून दिल्लीस निवडक फितींचा संग्रह होऊं लागला तो मोठ्या गवयांचा व नेत्यांचा, रोजच्या बोलण्याचा नव्हे. यास्तव संग्राहकांनीं पोथ्यांबरोबर परवान्याचीं पुस्तकें, कार्यक्रमपत्रिका, परदेशी केंद्रांनीं श्रोत्यांस पाठविलेलीं पोंचपत्रें व अशा वह्या रद्दीवाल्याच्या तराजूंतून उचलाव्या. विशेषतः मोडी अक्षर दिसलें तर तें जमाखर्चाचें आहे असें गृहीत धरून टाकूं नये. मींही जवळजवळ टाकलेंच होतें.

वही व परवाना हीं दोन्ही सध्यां अमरकोशाच्या त्याच पेटींत, निराळ्या रुमालांत बांधून ठेविलीं आहेत. पान १८० व १८१ यांचें देवनागरी लिप्यंतर तयार आहे. वहीच्या शाईस पाण्यानें थोडी बाधा झाली असून पान ११२ ते ११९ एकमेकांस चिकटलेलीं आहेत. तीं सुटीं करण्याचें काम पावसाळा संपल्यावर हातीं घेईन.